सवलतीचा ‘स’

एखादं काम गुपचूप, सफाईने कसं उरकावं, हे माझ्याकडून शिका! माझं चष्म्याचं दुकान आहे. “खालची ओळ वाचा” असं लोकांना सांगण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे बारीक अक्षरातलं जग आपल्याला जरा जास्तच कळतं, अशी माझी समजूत होती.

तर आमच्या शहरात ‘सवलत सप्ताह’ जाहीर झाला. एरवी ज्या हॉटेलांवरून जाताना आपण नकळत शर्टाची कॉलर नीट करतो, तिथे आठवडाभर अर्ध्या किमतीत जेवण! जाहिरात वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे जेवणाआधी साडूबुवा उभे राहिले.

साडूबुवा म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस वाईट नाही, पण त्यांची बिल द्यायची तऱ्हा! नुसतं एक बोट वर करतात, आणि बिल पाळीव मांजरासारखं त्यांच्यापाशी येऊन बसतं. मी खिशातल्या पाकिटाशी झटापट करतोय तोवर सगळं उरकलेलं असतं. वर आणि, “असू दे रे, तू पुढच्या वेळी!” ही पुढची वेळ इतक्या वर्षांत एकदाही उजाडली नव्हती.

“या शनिवारी मी जेवायला घालणार,” मी बायकोला म्हणालो. “ताई, साडूबुवा आणि तुझी आई. उंच इमारतीतलं ते गच्चीखालचं हॉटेल!”

“सवलतीत ना?”

“हळू! हे त्यांना कळता कामा नये.”

“का? सांगायला काय होतंय?”

“अगं, सवलतीत जेवू घातलं म्हणजे अर्धाच मान!”

तिने कपाळाला हात लावला. तिला काय कळतंय म्हणून मी दुर्लक्ष केलं.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी थेट हॉटेलात गेलो. हेडवेटर काळ्या कोटातला, लग्नातल्या वरबापासारखा गंभीर. त्याला मी खांबाआड घेतलं.

“संध्याकाळी पाच जणांचं टेबल आहे. एक नाजूक गोष्ट आहे. मंडळींना काही कळता कामा नये. सवलतीचा ‘स’सुद्धा टेबलापाशी नको. विशेषतः सासूबाईंच्या कानावर काही जाऊ देऊ नका, त्या सगळीकडे सांगत सुटतील. जे काय असेल ते शेवटी, मी खूण केल्यावर.”

त्याचे डोळे एकदम पाणावले. “समजलं सर. सासूबाईंना! असे जावई आता कुठे राहिलेत?”

मला जरा विचित्र वाटलं, पण स्तुती ऐकली की माझं डोकं चालत नाही.

संध्याकाळी लिफ्टमधून वर गेलो. प्रत्येक टेबलावर ‘सवलत सप्ताह’ असा लाल पुठ्ठा उभा. आमच्या टेबलावर मात्र गुलाबाच्या पाकळ्या! मी मनात म्हटलं, वा, माणूस शब्दाचा पक्का!

मग मेनू आले. साडूबुवांनी उघडला आणि म्हणाले, “अरे, यात किमतीच नाहीत!”

“पाहुण्यांच्या मेनूत नसतात,” हेडवेटर झुकून म्हणाला. “फक्त यजमानांच्या.”

यजमान म्हणजे मी. मी माझा उघडला. किमती होत्या. आणि त्या पूर्ण होत्या! पार तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सवलत केवळ लाल मेनूवर’. शेजारच्या टेबलावरचे मेनू लालभडक. आमचे पांढरेशुभ्र!

“मला ते भाजलेले खेकडे,” साडूबुवा म्हणाले.

“साडूबुवा, खेकडे?” मी घाईने म्हणालो. “तुम्हाला पित्त होतं ना?”

“मला? कधीच नाही.”

“होईल!”

“जावईबापू,” सासूबाईंनी विचारलं, “इथे सगळ्यात चांगलं काय मिळतं हो?” मी तोंड उघडेपर्यंत हेडवेटरने सांगूनसुद्धा टाकलं. त्या पदार्थाच्या किमतीत माझ्या दुकानात दोन चांगल्या फ्रेमा येतात. “मग तेच आणा!” सासूबाई खूश.

आता बायकोला सावध करायला हवं होतं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिचं लक्ष नाही. जरा जोरात लावला.

“अगंबाई!” सासूबाई ओरडल्या. “इथे मांजर आहे की काय?”

आजूबाजूच्या टेबलांनी पाय वर घेतले. एक वेटर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली मांजर शोधू लागला. मी चेहरा मेनूत खुपसला आणि स्वतःसाठी फक्त सूप मागवलं.

“एवढंच?” ताईने विचारलं.

“आज पोट जरा नरम आहे.”

सूप आलं. वाटी एवढी मोठी की तिच्यात बाळाला अंघोळ घालता यावी, आणि सूप तिच्या तळाशी, सांडलेल्या चहाएवढं! समोर साडूबुवा खेकड्याचा एकेक पाय मोडत होते. प्रत्येक ‘कट्’ सरळ माझ्या काळजात.

शेवटी राहवेना. हात धुण्याच्या निमित्ताने उठलो आणि हेडवेटरला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

“अहो, ती सवलत!”

“अजिबात काळजी नको सर. कोणाला वासही लागलेला नाही.”

“आता लागू द्या! मी सांगतोय ना, आता काढा ते बाहेर! ताबडतोब!”

“आता? बरं सर!” त्याने टाळी वाजवली.

दिवे मंद झाले. कोपऱ्यातून व्हायोलिन सुरू झालं. स्वयंपाकघरातून अर्धी पलटण गात बाहेर आली. पुढे मेणबत्त्या लावलेला तीन मजली केक, आणि त्यावर सायीच्या अक्षरात, ‘लाडक्या सासूबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा’!

तर माझ्या ‘नाजूक गोष्टी’चा त्याने हा अर्थ लावला होता! सासूबाईंचा वाढदिवस? आज?

सासूबाई डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. सगळं हॉटेल टाळ्या वाजवत होतं. मी कसाबसा टेबलापाशी पोचलो.

“होऊन गेला हो माझा वाढदिवस, मागच्याच महिन्यात,” त्या हुंदके देत म्हणाल्या. “दिवसभर फोनपाशी बसले होते मी. पोटच्या पोरींपैकी एकीलाही आठवण झाली नाही! पण माझ्या जावयाला झाली!”

बायकोने ताईकडे पाहिलं, ताईने बायकोकडे. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर तुम्हाला सांगून कळायची नाही.

“आई, अहो, खरं म्हणजे...” मी सुरुवात केली.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. खरं सांगू का, त्या क्षणी मला खेकड्याच्या किमतीपेक्षा त्या फोनपाशी बसलेल्या बाईचंच जास्त वाईट वाटलं.

पण हे फक्त बिल येईपर्यंत!

बिल आलं. साडूबुवांचं बोट सवयीने वर गेलं. “छे छे! आज मी!” असं मीसुद्धा सवयीने ओरडलो. आणि जन्मात पहिल्यांदा साडूबुवांनी बोट खाली घेतलं! “खरंय. आज तुझाच मान.”

बिलात खेकडे होते, केक होता, व्हायोलिन वेगळं होतं, पाकळ्यासुद्धा होत्या. मी हेडवेटरला डोळ्यांनीच विचारलं. तो छाती फुगवून कुजबुजला, “सर, शब्द दिला होता. लाल मेनू टेबलाच्या जवळपास फिरकू दिला नाही!”

मी पाकीट रिकामं केलं, आणि उरलेल्यासाठी कार्ड दिलं.

खाली उतरताना लिफ्टमध्ये साडूबुवांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. “एक सांगू का? मीही तुम्हाला दर वेळी सवलतीतच नेतो.”

“काय?”

“तुला काय वाटलं, माझं टाकसाळीत लग्न झालंय? फक्त वेटरला आधी सांगायचं, लाल मेनूवर पांढरं कव्हर चढवून आण. तेवढं तुझं राहिलं बघ!”

घराच्या दाराशी बायको म्हणाली, “आम्हा दोघींना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंत. आता पुढच्या वर्षी आईचा वाढदिवस तुम्हीच लक्षात ठेवा. मी आठवण करून देणार नाही!”

ठेवीन हो. ठेवायलाच हवा. पण तो नक्की कोणत्या तारखेला असतो, हे आता या घरात मी विचारायचं तरी कोणाला?