भाला की बरची

संग्रहालयाच्या शस्त्रदालनात लांब दांड्याचं, पोलादी पात्याचं एक हत्यार पाटीवाचून टांगलेलं होतं. पाटी नसलेली वस्तू नियमाप्रमाणे अस्तित्वातच नसते. तेव्हा तिला नाव द्यायला समिती बसली.

"खुपसतात तो भाला, फेकतात ती बरची," अध्यक्ष म्हणाले. "व्याख्या स्वच्छ आहे. फेकून बघू."

फेकण्याचा मान अर्थात त्यांचाच. हत्यार भिंतीवर आपटलं, उलटं फिरलं आणि दाराकडे टोक करून बाकावर आडवं झालं. नेमका त्याच वेळी चहाचा ट्रे सांभाळत म्हातारा पहारेकरी आत आला, तो मांडीनिशी थेट पात्यावर. कप मात्र एकही फुटला नाही, याची इतिवृत्तात कौतुकाने नोंद आहे.

"खुपसलं गेलं. म्हणजे भाला," एक सदस्य म्हणाले.

"पण फेकलं होतं ना?" दुसरे म्हणाले.

"साहेब, रक्त थांबत नाहीये," पहारेकरी म्हणाला.

"थांबेल हो," अध्यक्ष म्हणाले. "आधी सांगा, ते तुमच्याकडे आलं, की तुम्ही त्याच्याकडे गेलात?"

पहारेकऱ्याला आयुष्यात प्रथमच कुणी तज्ज्ञ म्हणून मत विचारत होतं. पण तेवढ्यात त्याला घेरी आली.

इस्पितळात खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "काय लागलं?"

"तेच ठरायचंय," पहारेकऱ्याची बायको म्हणाली.

"फेकलेलं लागलं असेल तर अपघात विभाग, डावीकडे. खुपसलेलं असेल तर आधी पोलीस, मग उजवीकडे."

"अहो बाई, काठीला सुरी बांधली होती असं समजा, पण टाके घाला."

"सुरीचा विभाग वरच्या मजल्यावर आहे, वहिनी. आणि लिफ्ट बंद आहे."

शेवटी समितीचा दाखला आणायचं ठरलं. समितीने उपसमिती नेमली. उपसमितीने पुन्हा फेकून पाहण्याची शिफारस केली आणि त्यासाठी तोच पहारेकरी त्याच दारातून आत येणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक ठरवलं. इकडे पाय सुजला, मग काळा पडला. "तुमचं काहीतरी एक ठरवा हो," बायको डाव्या-उजव्या दोन्ही दारांत सांगत फिरली. दोन्हीकडे तिला बसायला खुर्ची मिळाली.

दाखला आला तेव्हा डॉक्टरांनी तो नीट वाचला, योग्य विभागात पाठवला आणि पाय कापला.

ही हकिकत कुणालाही सांगा, ऐकणारा पुढे सरकून विचारतो, "मग शेवटी काय ठरलं, भाला की बरची?" तुम्हीही तेच विचारणार होतात. विचारायला कशाला हवं? पितळेची ठसठशीत पाटी आहे, खुशाल जाऊन वाचा. पहारेकऱ्याची कुबडी तिला टेकलेली असते, तेवढी बाजूला करा.