परबांनी भात सोडला

रविवारी सकाळी आमच्या दारावर टकटक झाली की आमचे हे पेपर उचलून गॅलरीत निघून जात. आत काय चालणार ते त्यांच्याने बघवत नसे. परब भावजी आत यायचे, दार लोटायचे, मग किल्ल्या, पाकीट, मोबाइल, घड्याळ, अंगठी, चष्मा असं एकेक करून माझ्या टेबलावर मांडायचे. आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून डोक्यावरचा टोप काढून माझ्या हातात द्यायचे. मगच वजनकाट्यावर चढायचे.

पहिल्यांदा तो टोप हातात आला तेव्हा मी किंचाळायचीच राहिले.

"सांभाळा हां वैनी, ओरिजिनल केस आहेत."

"अहो, पण काढलात कशाला?"

"वजन असतं त्याला."

लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीला हा टोप ठाऊक होता, आणि अख्खी चाळ ठाऊक नसल्यासारखी वागत होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत हा माणूस एक हात डोक्यावर ठेवून नाचायचा. तो शंभर-दोनशे ग्रॅमसाठी माझ्यासमोर टक्कल उघडं करून उभा राहतो, म्हणजे प्रकरण किती गळ्याशी आलं होतं ते तुम्हीच समजा.

प्रकरण नलूचं होतं. नलू म्हणजे भावजींची बायको, भिंतीपलीकडची माझी शेजारीण आणि खरं तर बहीणच. तिचं लिव्हर खराब झालं. दारूचा थेंब न शिवलेल्या बाईचं लिव्हर कसं खराब होतं ते मला विचारू नका. मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांनी समजावलंही, मला अजून कळलेलं नाही. डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी, पाय सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले, जवळच्या कोणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर या जगतील, नाहीतर अवघड आहे. यांना मूलबाळ नाही. नलूला भाऊ एकच, त्याचा रक्तगट जुळेना. भावजींचा जुळला. पण तपासणीत निघालं की यांचंच लिव्हर चरबीने भरलंय, द्यायच्या लायकीचं नाही. "बारा-पंधरा किलो उतरवा, चरबी गेली तर घेऊ. पण लवकर." हे 'लवकर' डॉक्टरांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी ऐकलाय. मी सोबत होते.

आणि वजन उतरवायचं कसं? तर भात बंद. चपाती, साखर, बटाटासुद्धा बंद. मासे खा, अंडी खा, चिकन खा, पालेभाजी खा.

भात बंद! आणि सांगताय कोणाला?

परब भावजी लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी भाताचं पातेलं बघून यायचे. एकदा आम्ही दोन्ही बिऱ्हाडं महाबळेश्वरला गेलो, तर यांच्या बॅगेत स्वेटर नव्हता, पण कुकर होता. "हॉटेलवाले भाताच्या नावाखाली काय देतील सांगता येत नाय, वैनी." वाढदिवसाचा केक कापायचे आणि विचारायचे, "जेवण कधी?" त्यांच्या लेखी जे भाताबरोबर लागत नाही ते जेवण नव्हे. आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकाच वाक्याने. "बांगड्याचं तिखलं, वर गरम भात, विषय संपला." फोर्टातल्या ज्या इन्शुरन्स कंपनीत ते नोकरी करतात तिथे म्हणे क्लेम नाकारतानाही माणसाला ते हेच ऐकवतात.

नलू आधी नाहीच म्हणाली. "माझ्यासाठी यांचं पोट फाडायचं नाय. माका नको तुमचा लिव्हर." भावजी म्हणाले, "विषय संपला." ती तोंड फिरवून झोपली. वजनकाटा तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणून तो आमच्या घरी आला, आणि त्याच्याबरोबर दर रविवारी तो टोपही.

पहिले दोन आठवडे काटा जागचा हलेना. मी चक्रावले. हा माणूस तर सगळ्यांना सांगत फिरत होता, भात सोडला, भात सोडला. म्हटलं बघू तरी. एके सकाळी न सांगता त्यांच्या घरात शिरले, तर भावजी घावणे खात बसलेले! तांदळाचे, जाळीदार, चांगले चार.

"अहो, हे काय?"

"घावन."

"तांदळाचं ना?"

"हो. पण भात नाय ना." चेहऱ्यावर इतका निर्मळ भाव की मारायला हात उचलवेना.

आणि हा एकटा वेडा नव्हता. कोपऱ्यातल्या खोलीतल्या खोत आजी रोज आंबोळ्या पाठवत होत्या. मी भांडायला गेले तर मलाच ऐकवलं, "आंबोळी असा ती, भात नाय. त्येका भात वर्ज्य केल्यानी, आंबोळी खंय वर्ज्य केल्यानी?" कोणी तांदळाची भाकरी आणून दिली, कोणी पेज. डॉक्टरांनी ‘भात’ म्हटलं, तर आमच्या कोकणी चाळीने तेवढा एक भात सोडला आणि तांदळाचं बाकी सगळं गोत्र चालू ठेवलं. कपाळ माझं! त्या दिवशी मी गॅलरीत उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "या माणसाला तांदळाचा एक कणसुद्धा जो देईल त्याने नलूच्या तोंडाकडे बघून द्यावा." त्यानंतर कोणी दिलं नाही.

मग मात्र काटा उतरायला लागला. या रविवारी अर्धा किलो, पुढच्या रविवारी किलो. सकाळी अंडी, दुपारी डब्यात काकडी आणि तळलेली कोळंबी, रात्री मासे आणि पालेभाजी. संध्याकाळी घराघरातून कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या की हे गॅलरीत येऊन उभे राहायचे आणि नाक वर करून सांगायचे, "साठे आज इंद्रायणी लावतायत." गालफडं बसली, पँट पोत्यासारखी लोंबायला लागली. आमचे हे म्हणाले, "परब, हँडसम दिसायला लागलात." भावजी म्हणाले, "फोटो काढून ठेवा, परत होणार नाय."

हसत होतो आम्ही, पण जीव टांगणीलाच होता. कारण इकडे भावजी उतरत होते आणि तिकडे नलूही उतरत होती. दोनदा तिला ॲडमिट करून पोटातलं पाणी काढावं लागलं. घरी आली की पडून राहायची. एकाच गोष्टीसाठी उठायची, भावजींच्या रात्रीच्या जेवणासाठी. मी म्हटलं मी करते, तर ऐकेना. भिंतीला धरून ओट्यापर्यंत जायची, स्टुलावर बसून मासे तळायची, वाटप वाटायची. सगळी चाळ म्हणत होती, बघा, किती समजूतदार, शेवटी पटलं तिला.

आणि मग काटा थांबला.

एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा. तिसऱ्या रविवारी तर उलट थोडा वरच गेला. अजून चार किलो बाकी होते, परत तपासणीला बोलावलेलं दोन आठवड्यांवर आलेलं. माझं डोकंच फिरलं.

"कुठे खाताय? खरं सांगा. ऑफिसात? दादरला जाऊन?"

"बाहेर कायच खात नाय वैनी. नलूशप्पथ."

"तिची शप्पथ घेऊ नका! ती तिकडे मरतेय आणि तुम्ही—"

हे मी बोलले. तोंडाला कुलूप कधी घालता आलंय मला? भावजींनी टोप घातला, तोही तिरका, आणि निघून गेले. मी देव पाण्यात घालून बसले.

त्या बुधवारी संध्याकाळी नलूचं भांडं परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. नलू पाठमोरी स्टुलावर बसलेली, मिक्सर चालू. ओट्यावर खोबरं, मिरच्या, धणे, आणि शेजारी वाडगाभर भिजवलेले तांदूळ. आमच्याकडे कालवणाला दाटपणा यावा म्हणून वाटपात चमचाभर तांदूळ घालतात, ते कोणी मोजत नाही. इथे अर्धा वाडगा मिक्सरमध्ये गेला होता. पलीकडच्या ताटात सुरमईच्या तुकड्या, तांदळाच्या पिठात बोटभर जाड माखलेल्या.

"नलू!"

ती दचकली नाही. मिक्सर बंद केला आणि माझ्याकडे ते पिवळे डोळे लावून म्हणाली, "ओरड. ओरड किती ओरडायचं ते. पण त्यांना मी कापू देणार नाय."

"अगं बये, तू जाशील!"

"जाईन. ते तर ऱ्हवतील." मग तिने पदराने हात पुसले. "आणि समज, मी वाचले आणि त्या टेबलावर तेच गेले, तर? तर तू येशील माझ्या घरात दिवा लावायला?"

भांडं तिथेच ठेवून मी जिन्यावर जाऊन बसले. रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

थोड्या वेळाने भावजी ऑफिसातून आले. जिना चढताना धाप लागत नव्हती आता. मी रस्ता अडवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्याच घासाला कळलं, वैनी. जन्मभर भात खाल्लाय. कालवणात तांदूळ चमचाभर की मूठभर, ते मला नाय कळणार?"

"मग खाल्लंत कशाला? वेड लागलंय का तुम्हा दोघांना?"

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. "दिवसभर ती पडून असते. माझं जेवण करायचं म्हणून उठते, तेवढीच उठते. ताट सारलं तर उठायचीपण बंद होईल. दुपारचा डबा मी सोडलाय कधीचा, नुसती काकडी खातो. म्हटलं तिथे वाचवलं की इथे चालेल. नाय जमलं ते."

"तिच्याशी बोलायचं होतंत!"

"काय बोलू? इतक्या महिन्यांत आम्ही 'औषध घेतलंस काय' आणि 'जेवलात काय' याच्यापुढे गेलोच नाय. तिने तोंड उघडलं की ती मरणाचं बोलणार. मला पोट फाडायची भीती नाय ओ. त्याची आहे."

मी त्यांच्या दंडाला धरून उठवलं. शेजाऱ्याच्या बायकोने असं दंडाला धरणं शोभतं की नाही, ते बघायला वेळ नव्हता. "चला. आत्ताच्या आत्ता."

नलूने ताट वाढलं. सुरमई, चवळीची भाजी, वाटी भरून दाट लालभडक कालवण. भावजी बसले. मी दाराशी उभी. त्यांनी कालवणाची वाटी उचलली, हातात धरून ठेवली, आणि मग हळूच तिच्याकडे सरकवली.

"नलू, आज नको गो."

नलूने माझ्याकडे बघितलं. "हिने सांगितलं?"

"नाय. माका पयल्या दिवसापासून म्हायत हा."

"मग गप जेवत होतात ते कित्याक?"

"तू उठून करीत होतंस म्हणून."

नलू मटकन खालीच बसली. मग जे रडली ते रडली. "तुमका कायतरी झाला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघून जगू?"

"आणि तू गेलंस तर भात माझ्या घशाखाली उतरतलो काय?" भावजींचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "सांग ना! उतरतलो काय?"

जेवण तसंच गार झालं. किती तरी वेळ दोघं बोलत होती, एकदम, एकमेकांचं न ऐकता, आणि मी निर्लज्जासारखी तिथेच उभी होते. शेवटी नलूने नाक पुसलं.

"माझी एक अट असा. शुद्धीवर इलात की पयली माका हाक मारायची. मी ओ नाय दिली तरी मारीत ऱ्हवायची."

"मारीन."

तिने कालवण मोरीत ओतलं आणि स्टुलावर बसून दोन अंडी फोडली.

पुढचे आठवडे मी सांगत नाही, सांगण्यासारखे नव्हतेच. तपासणी दहा दिवस पुढे ढकलून घेतली, काटा पुन्हा चालू झाला, भावजी चालत लालबागहून फोर्टात जायला लागले. तपासणी झाली त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्याच आठवड्यात दोघांना एकाच सकाळी आत नेलं. आधी त्यांना, मग तिला. मी आणि आमचे हे बाहेरच्या बाकावर, हातात चहाचे कप घेऊन, चहा न पिता. रात्री कळलं, ऑपरेशन झालं, पण आता वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूची सिस्टर तणतणत बाहेर आली.

"परब कोणाचे? जरा समजवा त्यांना. शुद्धीवर आल्यापासून नलू, नलू करून हाका मारतायत. टाके आहेत, बोलायचं नाही म्हटलं तरी ऐकत नाहीत. त्या बाई पडद्यापलीकडे आहेत, पण अजून शुद्धीत नाहीत, तोंडात नळी आहे. त्यांना काही ऐकू येत नाहीये!"

"मारू दे हाका," मी म्हटलं.

"बाकीच्या पेशंटना त्रास होतो."

"होऊ दे."

सिस्टर मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. दिवसभर दार उघडलं की आतून तो बसका, फाटका आवाज ऐकू यायचा. संध्याकाळीही येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही. मग दुपारी एकदम बंद झाला. मी उठून दाराशी गेले.

सिस्टर बाहेर आली. "त्या बाईंची नळी काढली," म्हणाली. "बोलल्या."

"काय बोलल्या?"

सिस्टर जरा गोंधळलेली दिसली. "काही नाही. नुसतं 'ओ' म्हणाल्या आणि परत झोपल्या. पण ते साहेब बघा, गप्प झाले एकदाचे."

मी तिथेच सिस्टरच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.