पातेलंभर क्रियापद

"अहो, फडक्यात बांधलेलं माझं पातेलं कुठंय?" नेर्मिनने दारातच विचारलं.

पातेलं शेवकेत सरांच्या हातातच होतं. फक्त रिकामं होतं.

सर व्याकरणाचे. क्रियापदाचं नाम कसं होतं, हा आजचा पाठ. तुर्कीत 'सार' म्हणजे गुंडाळ; त्याला शेपूट जोडलं की 'सार्मा', द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेली. उदाहरण समोर असलेलं बरं, म्हणून त्यांनी सकाळी ओट्यावरचं पातेलं उचललं होतं. 'गुंडाळलेली' या विशेषणापर्यंत वर्ग शहाण्यासारखा बसला. 'खाल्लेली' या विशेषणात पातेलं संपलं.

"संध्याकाळी आपल्या सेल्माला मागणी घालायला ओरहानची आई, मेफारेत हानुम येतायत! करंगळीला लावून सार्मा बघतात त्या. करंगळीहून जाड निघाली म्हणून एका मुलीला नकार दिलाय त्यांनी!"

"दुसऱ्या करू."

"करा ना! गुंडाळा तुमच्या प्रत्ययांत!"

आत त्यांची लेक सेल्मा रडत होती. तिला ओरहानशीच लग्न करायचं होतं.

सरांनी शाळेतल्या नव्या विल्दानबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरता काय सर! आमच्या शेजारच्या काकूंनी आजच केल्यात. आणते मागून."

त्यांनी खरंच पातेलं भरून आणलं. नेर्मिनने सार्मा आपल्या चांगल्या थाळीत रचल्या आणि कुणी विचारलं तर सेल्माने केल्या असं सांगायचं, अशी नवऱ्याला तंबी दिली.

मेफारेत हानुम मुलाला घेऊन आल्या. बसल्या बसल्या त्यांनी एक सार्मा उचलली, करंगळीशी धरली आणि चावली.

"जाड आहे. मीठ कमी. पानही जून."

ओरहानने मान खाली घातली. सेल्माचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात बेल वाजली.

"सर, तेवढं पातेलं द्या, काकूंना परत..." विल्दानबाई आत आल्या आणि थबकल्या. "अय्या, काकू! तुम्ही इथंच? मग घेऊनच जा तुमचं पातेलं! सर, काकूंच्या सार्मा कशा वाटल्या?"

सरांनी खरं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नेर्मिनने त्यांच्या पायावर पाय दिला. मग ती उठली आणि स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही; तिने थाळीतल्या सगळ्या सार्मा त्यात भरल्या, वर फडकं बांधलं आणि पातेलं हानुमबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

मेफारेत हानुमनी गाठीकडे पाहिलं. मग त्यांनी ती सोडली आणि एक सार्मा सावकाश खाल्ली.

"आता मुरल्यात," त्या म्हणाल्या. "सेल्मा बाळ, कॉफी ठेव. तारीख काढू या."