साडूला दिलेलं डॉट कॉम

राजसने टॉवेलवाल्या नानासोंना तिसरा ईमेल पाठवला, तेव्हा सुभेदार नाथाजी त्याच्यामागे उभे राहून वाचत होते. पलटणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्याच्या कामाची फार काळजी वाटे.

"हे नक्की इकतोयस काय तू?"

"नाव, बाबा. इंटरनेटवरचं. माधवनगर टॉवेल डॉट कॉम. मी आधीच घेऊन ठेवलंय. माधवनगर चादर पण माझ्याकडंच आहे. ज्याचा धंदा, त्याला विकायचं."

"म्हंजी प्लॉटच की. जागा तुजी, बांधनार दुसरा." नाथाजींना एकदम पटलं. "पर पत्र असलं इंग्रजीत लिवल्यावर कोन ऐकंल? आदी वळख काढावी लागती."

दसऱ्यापर्यंत एक तरी नाव विकलं नाही, तर राजसने साताऱ्याच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर म्हणून चिकटायचं, असं बापलेकांत ठरलं होतं. दसरा पुढच्या आठवड्यात होता. राजसला नट-बोल्ट मोजत बसायचं नव्हतं.

नाथाजींनी माजी सैनिकांच्या ग्रुपवर चौकशी टाकली. दुपारच्या चहाच्या आत शोध लागला. नानासोंची बायको ही राजसच्या आईच्या, म्हणजे सुलाबाईंच्या, चुलतमामाची लेक निघाली.

"म्हंजी नानासो माजं साडू लागत्यात," नाथाजी छाती फुगवून म्हणाले. "आता इमेल बंद. सकाळच्या यष्टीनं सांगली."

सांगलीजवळच्या माधवनगरात नानासोंनी दारापर्यंत येऊन तिघांचं स्वागत केलं. भडंग झाली, चहा झाला, सुलाबाईंच्या चुलतमामाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दसऱ्याला नवीन दुकानाचं उद्घाटन होतं, त्याचीही चर्चा झाली. शेवटी राजसने लॅपटॉप उघडून नाव दाखवलं. नानासो खुर्ची ओढून जवळ आले.

"लय झ्याक हाय की. दुकानाच्या पाटीवरच टाकतो. किती द्यायचं बोला."

राजसने तोंड उघडलं. आकडा गेला महिनाभर त्याला पाठ होता.

"किती काय इचारताय, पाव्हणं?" नाथाजी दुखावल्यासारखे म्हणाले. "साडूकडनं पैसं घिऊ व्हय? नव्या दुकानाचा आहेर समजा आमचा."

"आवं, असं कसं?"

"असंच. राजस, दिऊन टाक."

राजसने आईकडे पाहिलं. आईने पिशवीतून नारळ काढून लॅपटॉपवर ठेवला. मग नाव नानासोंच्या खात्यावर करायची खटपट सुरू झाली. राजसच्या मोबाईलवर ओटीपी आला आणि त्याच्या हातातून मोबाईल घेऊन नाथाजींनी तो कवायतीच्या आवाजात गल्लीला ऐकवला. नाव गेलं. परतीचा आहेर म्हणून नानासोंनी बापलेकांना टॉवेल-टोपी दिली.

परतताना राजस टोपी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि नाथाजी समाधानाने पेंगत होते.

दसरा झाला. सोमवारी कामावर जायचं म्हणून आईने त्याचा डबा घासून ठेवला. रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी झंवर, माधवनगर. नानासोंच्या पाटीवरचं ते डॉट कॉम बघितलं. आमचा चादरींचा धंदा आहे. तसं नाव आहे का शिल्लक?"

राजसने घाईघाईने आकडा सांगितला. झंवरशेठ हो म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणाले. फोन ठेवून राजस वळला, तर दारात नाथाजी.

"कोन म्हनालं? झंवर?"

"तुमच्या ओळखीचे नाहीत ते. मारवाडी आडनाव आहे, मूळचे राजस्थानचे."

"राजस्थानात कुटं? जोधपूरला आमची पलटन हुती की." नाथाजींनी चष्मा लावला आणि मोबाईल काढला. "थांब, इचारतो."

"आई!" राजस ओरडला, पण तोवर प्रश्न ग्रुपवर गेला होता.

सुलाबाई पदराला हात पुसत आल्या. "आवं, द्या हिकडं, चार्जिंगला लावते," म्हणून त्यांनी मोबाईल घेतला आणि तुरडाळीच्या डब्यात घालून झाकण लावलं.

नाथाजी दिवसभर चार्जर शोधत फिरले. दिवेलागणीला पैसे जमा झाले आणि राजसने चादरीचं नाव दरवाजा बंद करून शेठजींच्या खात्यावर केलं. मग त्याने बापाच्या पाया पडून बातमी सांगितली. नाथाजींचे डोळे भरून आले. कारखान्यात पोरगं येत नाही, असं आपणच कळवतो म्हणाले, तेव्हा सुलाबाईंनी डबा उघडून मोबाईल त्यांच्या हातात दिला.

मोबाईलवर जोधपूरच्या जुन्या हवालदाराचं उत्तर येऊन पडलं होतं. नाथाजींनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"आगं, झंवरांचं मूळ घर आमच्या हवालदाराच्या शेजारीच हाय. घरच्यासारखं येनंजानं हाय म्हनं." ते राजसकडे अवघडून बघू लागले. "आता रं?"

"शेजार म्हंजी नातं न्हवं," सुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

नाथाजींनी खुंटीवरची पिशवी काढली.

"बरं. मग निदान नारळ तरी घिऊन जाऊ," ते म्हणाले. "सकाळची यष्टी हायच."