फक्त ब्रेक बदलायचा होता

हेडक्लार्कनं ठरवलं होतं ते एवढंच, की वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दुरुस्त करून घ्यायचा. एवढंच. त्याच्या आयुष्यातली बहुतेक संकटं या ‘एवढंच’पासून सुरू झालेली होती. (एकदा ‘दाढ जरा दाखवून येतो, एवढंच’ म्हणून तो दवाखान्यात गेला आणि तीन दात कमी घेऊन परत आला.) पण अनुभवानं शहाणी होणारी माणसं वेगळी. हेडक्लार्क अनुभवानं फक्त दमायचा.

ब्रेकचं निमित्त होतं. खरं दुखणं वेगळं होतं. आई जाऊन चौदा महिने झाले होते आणि अण्णा दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलत. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथं’ आणि ‘दिवा मालव’. एकतीस वर्षं ते कारखान्यात टाइमकीपर होते. एकतीस वर्षं त्याच मोटारसायकलवरून गेले, आले. सुट्टीच्या दिवशी मागं आई. ती गेली तशी गाडीही जिन्याखाली ताडपत्री पांघरून बसली, दोन्ही चाकांतली हवा सोडून. गुडघ्यांमुळं अण्णा पहिल्या मजल्यावरून खाली उतरेनासे झाले. उतरून जायचं तरी कुठं?

हेडक्लार्क ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला होता. वीस वर्षांपूर्वीची फाइल तो पाच मिनिटांत काढून द्यायचा. पण बापाशी बोलायला एक वाक्य काही त्याला सापडत नव्हतं. म्हणून त्यानं विचार केला, गाडी सुरू करू. गाडी सुरू झाली की माणूसही होईल. (असला हिशेब फक्त क्लार्कच मांडू जाणे.)

गॅरेजमधल्या मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं चाक हलवून पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं हेडक्लार्कला बाजूला घेतलं.

“साहेब, याचे ब्रेकलायनर आता मिळत नाहीत. बनवणाराच राहिला नाही.”

“मग?”

“माझ्याकडं एक अपघातातली स्पोर्ट्‌सबाइक पडलीय. बाजूनं ठोकलेली, पण पुढचा डिस्कब्रेक एकदम कोरा. तो टाकू.”

“बसेल?”

“बसवला की बसतो.”

डिस्कब्रेक जुन्या शॉकअपवर बसेना. म्हणून स्पोर्ट्‌सबाइकचे शॉकअप आले. शॉकअप जुनं हँडल घेईनात, म्हणून हँडल आलं. तेही कसलं, दोन बाजूंना खाली वाकलेले दोन दांडे. चाक रुंद निघालं, म्हणून मडगार्ड गेलं. पुढचं चाक पैलवानाचं आणि मागचं काडीपैलवानाचं दिसायला लागलं, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “साहेब, शोभत नाही,” आणि मागचं चाक धरणारा चिमटा, चाक, सायलेन्सर, सीट असं सगळं बिऱ्हाड एकापाठोपाठ एक आत आलं. दर रविवारी हेडक्लार्क गॅरेजमध्ये जायचा, मान डोलवायचा आणि एक जुना भाग काखेत मारून घरी यायचा. मिस्त्रीकडं ठेवायला जागा नव्हती.

बायको शाळेत शिकवायची, त्यामुळं तिचे प्रश्न छोटे आणि जीवघेणे असत. एका संध्याकाळी ती जिन्याखाली थबकली.

“हे काय आहे?”

“मडगार्ड.”

“आणि हे?”

“चाक. त्याच्या मागं दुसरं चाक.”

“मग त्या गाडीवर अण्णांच्या गाडीतलं राहिलंय काय?”

हेडक्लार्कनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “इंजिन. टाकी. आणि नंबरप्लेट.”

“अण्णांना विचारलंत?”

“सरप्राइज आहे.”

“अण्णांना सरप्राइज आवडतं?”

हेडक्लार्क मडगार्ड चाकामागं नीट टेकवत बसला. (अण्णांना शेवटचं सरप्राइज आईनंच दिलं होतं, एका सकाळी न उठून. पण हे त्याला त्या वेळी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही.)

पुढं जिन्याखालच्या ढिगाला अडखळून तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या पडल्या. फार लागलं नाही, पण त्यांनी बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. त्याच दुपारी रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली. हेडक्लार्कनं त्याला बोलावलं आणि राजानं गाव इनाम द्यावं तशा थाटात म्हणाला, “घेऊन जा बाबा सगळं!”

भंगारवाल्यानं सगळं नेलं.

त्यानंतरच्या रविवारी गाडी तयार झाली. लांबून पाहिली तर एखाद्या आजोबांना नातवाचे कपडे चढवल्यासारखी वाटत होती, पण हेडक्लार्कनं लांबून पाहिलीच नाही. तो पोटावर आडवा झाल्यासारखा वाकून ती घरापर्यंत घेऊन आला, अण्णांच्या खिडकीखाली थांबला आणि त्यानं ॲक्सिलरेटर पिळला. पूर्वी ही गाडी कोपऱ्यावर वळली की आई नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि चहाला आधण ठेवायची. आता ती साखळी तोडलेल्या कुत्र्यासारखी भुंकली.

वरून अण्णांचा आवाज आला, “सूनबाई, कोण आलंय बघ गं खाली.”

हेडक्लार्कचा हात ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला.

आपलीच गाडी आलीय म्हटल्यावर सुनेचा हात धरून अण्णा खाली आले. सोळा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. त्यांनी गाडीकडं पाहिलं. मग मुलाकडं पाहिलं. मग टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला.

“टाकी तीच आहे,” हेडक्लार्क घाईघाईनं म्हणाला. “इंजिन पण. बाकी सगळं आधुनिक. आता ब्रेक दाबला की जागच्या जागी!”

“सीट?” अण्णा म्हणाले.

मागच्या बाजूला हवेत उचललेली, वहीएवढी एक गादी होती. हेडक्लार्कनं ती अभिमानानं थोपटली. “स्पोर्ट्‌स सीट, अण्णा. मागची नावापुरतीच असते. नाहीतरी आता मागं बसणारं कोण आहे?”

वाक्य तोंडातून सुटलं आणि ते कुठं जाऊन लागणार हे त्याला दिसलं. डिस्कब्रेक गाडीला होता, जिभेला नव्हता.

बायकोनं डोळे मिटून घेतले.

“खरंय,” अण्णा म्हणाले. आणि सोळा पायऱ्या चढून वर गेले. या वेळी कुणाचा हात न धरता.

दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी जेवले आणि सुनेला म्हणाले, “गाडीचं ठीक आहे. त्यानं हौसेनं केलंय. फक्त ती जुनी सीट तेवढी वर आणून ठेवायला सांग त्याला. माझ्या खोलीत.”

बायकोनं हा निरोप हेडक्लार्कला स्वयंपाकघरात दिला. त्याचा चेहरा बघून तिला पुढचं विचारावं लागलं नाही.

“भंगारात दिलीत?”

त्यानं मान डोलवली.

“अहो, ती फाटली होती तेव्हा आईंनी स्वतः शिवली होती. डाव्या बाजूला. त्या तिथंच बसायच्या ना, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. तुम्हाला माहीत नव्हतं?”

माहीत होतं असं म्हणायची सोय नव्हती आणि नव्हतं असं म्हणायची लाज वाटत होती. तो चप्पल घालून, गाडी काढून निघाला.

भंगाराचं दुकान म्हणजे पत्र्याच्या कुंपणाआड एक डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी मालक स्टुलावर बसला होता.

“मागच्या आठवड्यात तुमच्या माणसानं आमच्याकडून सामान नेलं,” हेडक्लार्क म्हणाला. “त्यात चुकून आईची सीट गेली.”

“आई? ही कुठल्या कंपनीची?”

“कंपनी नाही हो, माझी आई. सीट मोटारसायकलची.”

“आई मोटारसायकल चालवतात?” मालक आदरानं स्टुलावरून उठला.

“मागं बसायची. आता नाही.”

“का, आता काय झालं?”

“गेली.”

मालक पुन्हा बसला. स्टूल पुढं ओढत म्हणाला, “कशी दिसते?”

“काळी.”

“सगळ्या काळ्याच असतात, साहेब. काही खूण?”

“डाव्या बाजूला शिवलेली आहे.”

“दोरा कसला?”

वीस वर्षांपूर्वीची फाइल पाच मिनिटांत काढणारा हेडक्लार्क तिथं नुसता उभा राहिला. लहानपणी त्या सीटवर दोघांच्या मध्ये दाबून तोच बसायचा. अण्णांच्या शर्टाचा खरखरीतपणा त्याला आठवत होता, पोटाभोवतीचा आईचा हात आठवत होता, तिच्या बांगड्या बरगडीला टोचायच्या तेसुद्धा आठवत होतं. सीट आठवत नव्हती. सीट कुणाला आठवते?

“शोधा तुम्हीच,” मालक म्हणाला.

दोन तास तो डोंगर उपसत होता. लांब, जुन्या घडणीच्या सीटा एकंदर सात निघाल्या. त्यांतल्या एकीला डाव्या बाजूला टाके होते. त्यानं ती जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसून पाहिलं, पुढं सरकून, मागं सरकून, डोळे मिटून. मालकानं तोंड दुसरीकडं फिरवलं. हीच असणार, असं हेडक्लार्कला वाटलं. मग हीच आहे, असं त्यानं ठरवलं.

आता ती न्यायची कशी? नव्या गाडीच्या वहीएवढ्या गादीवर ती मावेना. शेवटी मालकानंच ती सुतळीनं त्याच्या पाठीला बांधून दिली. तसा तो गाडीवर वाकून बसला तेव्हा हुबेहूब कासव दिसत होता. सिग्नलला शेजारच्या कारमधल्या बाईंनी काच वर घेतली. त्यात पुढं एकानं अचानक ब्रेक दाबला, म्हणून यानंही दाबला. गाडी सांगितल्याप्रमाणं जागच्या जागी थांबली. पाठीवरची सीट थांबली नाही. ती सरकून त्याच्या डोक्यावर आली, आणि उरलेला रस्ता हेडक्लार्कनं रस्त्याऐवजी स्वतःचे गुडघे बघत काढला.

घरी आला तेव्हा त्याचं कपाळ सुजलं होतं आणि कंबर सरळ होत नव्हती. तशाच नमस्काराच्या अवस्थेत त्यानं सीट अण्णांच्या पलंगावर ठेवली.

अण्णांनी चष्मा लावला. सीटच्या डाव्या बाजूवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. त्यांनी वर पाहिलं तेव्हा मुलगा अजून वाकलेलाच होता.

“हीच ना, अण्णा?”

“हीच,” अण्णा म्हणाले. “कपाळाला काय लागलं?”

चौदा महिन्यांत त्यांनी त्याच्याविषयी आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. “काही नाही, जरा लागलं, एवढंच,” असं म्हणून हेडक्लार्क भिंतीला धरत धरत बाथरूममध्ये गेला, कपाळावर पाणी मारायला. मनातून त्याला हलकं वाटत होतं. एक तरी गोष्ट आपण नीट केली.

बाथरूम आणि अण्णांच्या खोलीच्या मध्ये पातळ भिंत होती.

“मिळाली बाई एकदाची,” बायकोचा आवाज आला.

“ती नाहीये ही,” अण्णा म्हणाले. “हिचे टाके मशीनचे आहेत. तिनं दाभणानं घातले होते. वाकडेतिकडे. काळा दोरा नव्हता म्हणून पांढऱ्यानं.”



“मग सांगितलं का नाहीत, अण्णा?”

“काय सांगू? कसा उभा होता बघितलंस ना. असू दे. हिच्यावरही कुणाची तरी कुणीतरी बसलेलीच असेल की.” सीट भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. “आणि तू पण बोलू नकोस. कळलं तर तो ही दुरुस्त करायला घेईल.”

हेडक्लार्क बाथरूमच्या मधोमध वाकून उभा राहिला. मग आपल्याला काही ऐकू आलं नाही हे बाहेर कळावं म्हणून त्यानं नळ सोडला, आणि हुंदका त्यात मिसळून जावा म्हणून आणखी मोठा सोडला. बऱ्याच वेळानं बंद केला. नळ टपटपत राहिला. त्यानं पुन्हा पिळला, टपटप वाढली.

बाहेरून बायकोनं दार वाजवलं.

“अहो, नळ गळत असेल तर गळू दे! तुम्ही हात लावू नका!”