पिस्तूल ठरेपर्यंत

शेजारच्या टीनेकेबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला निघताना दिनकररावांनी पँटीत, उजव्या कुशीला पिस्तूल खोचलं, वरून स्वेटर ओढला आणि आरशासमोर दोनदा वाकून पाहिलं. दिसत नव्हतं. टोचत मात्र होतं.

"छान टोचतंय," ते समाधानाने म्हणाले.

दचकू नका. पिस्तूल लाकडाचं होतं. त्यांच्या मुलाने, शिरीषने, नवं बुकशेल्फ आणलं होतं. त्यातली एक फळी उरली असं समजून दिनकररावांनी ती कापली. ती उरलेली नव्हती, हे शिरीषला शेल्फ जोडताना कळलं. पण तोवर फळीला चाप बसला होता. वर काळं बूटपॉलिश, ते कपड्यांना लागू नये म्हणून त्यावर खोबरेलाचा हात, आणि वजन नेमकं यावं म्हणून पोटात सायकलचे नट. आणि हे सगळं कुठे, तर नेदरलँड्समधल्या बेस्टमध्ये, आइंडहोवनच्या शेजारच्या त्या गावात, जिथे लोक खिडक्यांना पडदेसुद्धा लावत नाहीत.

पिस्तूल हवं होतं त्यांच्या मुलीला, चारुताला. ती ह्यूस्टनला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सव्वा वर्षापूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाली, एकटी राहू लागली, आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोनदा गाड्यांच्या काचा फुटल्यावर तिने ठरवलं, की तिकडच्या कायद्याने चालतं तसं, कमरेला लपवून नेण्याजोगं छोटं पिस्तूल घ्यायचं. आता बाबा चौतीस वर्षं पुण्याजवळच्या सरकारी शस्त्र कारखान्यात होते म्हटल्यावर ती दुसऱ्या कोणाला विचारणार? खरं सांगायचं तर दिनकररावांनी तिथे ओतकामासाठी लाकडी नमुने केले, तेही अवजड यंत्रांच्या गिअरबॉक्सचे. टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे या गृहस्थाने जन्मात काही उडवलं नव्हतं. पण मुलगी आपण होऊन विचारते आहे म्हटल्यावर 'मला नाही बुवा कळत' असं कोण म्हणेल?

कारण मुलगी कधी विचारत नसे. विचारणार कशी? बाप-लेकीचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं एवढंच होतं: "हं, बरी आहेस ना? थांब, आईला देतो." घटस्फोटाची बातमी तिने दिली, तेव्हाही दिनकरराव म्हणाले, "थांब, आईला देतो." ते वाक्य त्यांना मग महिनोन् महिने खात होतं. बोलले नाहीत कोणाजवळ. जयंतीबाईंना ते न सांगताच कळलं, पण बायकोला काय, सगळंच कळतं.

आणि आता तीच चारू रोज दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, खास बाबांच्या फोनवर फोन करत होती. आज एकोणिसावा दिवस. मधल्याच एका दिवसाचं बोलणं ऐका:

"बाबा, काल पाठवलेलं बघितलंत? कॉम्पेन्सेटेड आहे."

"बघितलं ना. नळीच्या तोंडाशी वरच्या अंगाला भोकं ठेवली आहेत. गोळी सुटली की वायू वरून निघतो, त्यामुळे हात उडत नाही. उत्तम कल्पना."

"मग घेऊ?"

"थांब, घाई काय! अंगाशी धरून उडवायची वेळ आली तर तोच वायू तुझ्या चष्म्यावर येणार. शिवाय आवाज जबरदस्त."

"मग बिनभोकांचं बघू?"

"छे, त्याला झटका फार. आणि तुझं मनगट आईवर गेलंय, नाजूक."

"माझं मनगट नाजूक?" पोळ्या लाटता लाटता जयंतीबाई आतून म्हणाल्या. "चाळीस वर्षांत आज कळतंय मला."

दुसऱ्या दिवशी दुसरं पिस्तूल, दुसरी खोड. एकाची मूठ आखूड, करंगळी लोंबकळते. एकाची नळी दीड सेंटिमीटर जास्त, गाडीत बसताना मांडीत रुतेल. एकाचा रंगच दिनकररावांना उर्मट वाटला. वहीत रकाने वाढत गेले. शेवटी जयंतीबाईंना राहवेना.

"अहो, जावई बघताना पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार दिला होतात. आणि पिस्तुलाला एवढी चौकशी?"

"म्हणूनच," दिनकरराव म्हणाले आणि उठून मागच्या शेडमध्ये गेले. जयंतीबाईंनी मग तो विषय पुन्हा काढला नाही.

तरी खरी गोष्ट वेगळीच होती. कुठलं पिस्तूल योग्य ते दिनकररावांना चौथ्याच दिवशी कळलं होतं. पण एकदा 'हे घे' म्हटलं की झालं, फोन बंद. मग पुन्हा आहेच, बरी आहेस ना आणि आईला देतो. म्हणून ते खोडी काढत होते, आणि खोडी संपत आल्या तशी त्यांची झोप उडत होती. काल शनिवारी चारू सहज म्हणाली, "बाबा, उद्या फायनल करून टाकू हं." दिनकरराव रात्री उशिरापर्यंत वही उघडून एखादी राहिलेली खोड शोधत बसले.

आता एकच आशा उरली होती. शेवटचं मॉडेल, ज्याचा हा लाकडी नमुना होता, ते टोचतं असं सिद्ध झालं, तर आणखी आठवडाभर शोध चालला असता. पण माणूस कारखान्याच्या शिस्तीतला. न तपासता रिपोर्ट द्यायचा नाही. दोन तास सलग बसून पाहायला हवं होतं. घरात ते शक्य नव्हतं, कारण जयंतीबाई कोणाला वीस मिनिटांवर बसू देत नाहीत. न उठता दोन तास बसायचं ठिकाण या गावात एकच, शेजाऱ्याचा वाढदिवस.

टीनेकेबाईंच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. इथल्या रिवाजाप्रमाणे दिनकररावांनी टीनेकेबाईंचं अभिनंदन केलं, मग त्यांच्या बहिणीचं, भाच्याचं, भाच्याच्या सासऱ्याचं, सगळ्यांचं हात मिळवून अभिनंदन केलं, जणू सगळ्यांनी मिळूनच बाईंना जन्माला घातलं होतं. मग एक कप कॉफी, एक तुकडा केक आणि एक खुर्ची. दिनकरराव ताठ बसले, शेजारी शिरीष, पलीकडे जयंतीबाई.

"बाबा, तुम्ही असे का बसलात? पाठ धरली का?" शिरीषने हळूच विचारलं.

"टेस्टिंग चालू आहे," दिनकरराव पुटपुटले.

"कसलं टेस्टिंग?"

"तू केक खा."

तासाभरात त्यांनी मनातल्या मनात चार नोंदी केल्या. डावीकडे वळताना टोचतं. हसताना टोचतं. केकसाठी वाकताना फारच टोचतं. टीनेकेबाईंचा कुत्रा फ्लिप सारखा येऊन स्वेटर हुंगतो, ही पाचवी नोंद मात्र चारूच्या उपयोगाची नव्हती, म्हणून सोडून दिली. काम फत्ते झालं होतं. आणखी एक आठवडा सहज मिळत होता. दिनकरराव खुशीत आले.

तेवढ्यात कोणीतरी गाणं सुरू केलं. सगळे उभे राहिले, दिनकररावही. गाणं संपलं की इथे तीनदा 'हिप हिप हुरा' करतात, आणि प्रत्येक 'हुरा'ला दोन्ही हात थेट छताकडे. आपल्या माणसाला रीतभात मोडवेना. पहिल्या हुराला स्वेटर वर गेला. दुसऱ्या हुराला पोट आत गेलं आणि पट्टा सैल झाला. तिसऱ्या हुराला खोबरेलाने आपलं काम केलं. पिस्तूल पँटीच्या पायातून सुळकन घसरलं आणि बुटाशेजारी, गालिच्यावर येऊन पडलं.

कोणी ओरडलं नाही. चौदा माणसं पिस्तुलाकडे बघत उभी होती, आणि चौदाही जणांचे हात वरच होते. खाली घ्यायची कोणाची छाती होईना. दिनकररावांनीही आपले वरच ठेवले, न जाणो, कोणाला गैरसमज व्हायचा.

"अहो!" जयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. हात खाली आणणाऱ्या त्या पहिल्या.

"वुड!" दिनकरराव घाईने म्हणाले. "ओन्ली वुड! बुकशेल्फ!"

हा खुलासा कोणाला पटायच्या आत फ्लिपने डाव साधला. तासभर ज्या वासाने तो वेडा झाला होता, ती वस्तू आपण होऊन त्याच्यासमोर आली होती. त्याने पिस्तूल तोंडात धरलं आणि बागेच्या उघड्या दारातून धूम ठोकली. पाठोपाठ दिनकरराव, एका हाताने पँट सावरत.

"फ्लिप! सोड! सोड म्हणतो ना, मेल्या!"

फ्लिपला मराठी येत नव्हतं. दोघे सायकलच्या रस्त्यावर आले. समोरून एक बाई सायकलवरून येत होत्या. त्यांना दिसलं ते असं: पुढे तोंडात पिस्तूल धरलेला कुत्रा, मागे परक्या भाषेत ओरडणारा, पँट धरून पळणारा म्हातारा. बाईंनी पोलिसांना फोन केला. आता त्यांची तरी काय चूक? तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं!

पोलीस आठ मिनिटांत आले, तोवर सगळे टीनेकेबाईंच्या दारात परतले होते. दोघे होते. बोलत होती ती तरुण अधिकारी, उंच, शांत आणि फार गोड चेहऱ्याची, त्यामुळे दिनकररावांना जास्तच अपराधी वाटलं. पिस्तूल तिच्या हातात होतं, फ्लिपच्या दातांच्या खुणांसकट. टीनेकेबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की हा फार चांगला माणूस आहे, याने माझं फाटक फुकट दुरुस्त केलं.

"मेनेर," इथल्या भाषेतल्या 'साहेब'ने सुरुवात करून अधिकारी इंग्रजीत म्हणाली, "हे इथे बाळगता येत नाही. लाकडाचं असलं तरी नाही. खऱ्यासारखं दिसतं, तेवढं पुरे."

"खऱ्यासारखं दिसतं?" दिनकररावांचा चेहरा उजळला. "तोंडाशी भोकं पाहिलीत का? सहाही एका मापाची आहेत!"

"बाबा!" शिरीष किंचाळला.

"कशासाठी केलंत हे?" तिने वही काढली.

"मुलीसाठी. तिला अमेरिकेत घ्यायचंय. आधी मी लावून बघत होतो, तिला टोचेल का म्हणून."

अधिकाऱ्याची लेखणी थांबली. चौतीस वर्षांची नोकरी, एकोणीस दिवसांची वही, चार नोंदी, असं सगळं दिनकररावांनी भडाभडा सांगितलं. ऐकून तिने इतकंच विचारलं, "हे खरं आहे असं कोण सांगेल?"

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले होते.

"हीच! हीच ती!" दिनकररावांनी फोन निशाणासारखा उंच धरला.

पडद्यावर चारुता दिसली. तिला आधी गणवेश दिसला. "बाबा? हे काय? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. तू जरा यांच्याशी बोल."

अधिकाऱ्याने विचारलं, चारुताने घाबरत घाबरत उत्तरं दिली. हो, माझेच वडील. हो, पिस्तूल मलाच घ्यायचं होतं, ते मदत करत होते. नाही, ते अजिबात धोकादायक नाहीत, त्यांना झुरळसुद्धा मारवत नाही.

"म्हणजे खरेदी अजून व्हायची आहे?" अधिकाऱ्याने लिहिता लिहिता विचारलं.

चारुताने हातातला कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही. झाली आहे."

दिनकररावांनी फोन स्वतःकडे वळवला. "झाली? कधी?"

"सॉरी बाबा. तुमच्याशी पहिल्यांदा बोलले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुकानदार म्हणाला हेच घ्या, घेतलं."

"अगं, मग इतके दिवस मी ते चष्म्याचं, मनगटाचं, करंगळीचं..."

"करंगळी लोंबकळते, ते अगदी बरोबर आहे तुमचं."

"मग रोज फोन कशाला करत होतीस?"

चारुताने मान खाली घातली. "तुम्ही बोलत होतात ना बाबा, म्हणून."

 समोर पोलीस, चौदा पाहुणे आणि एक कुत्रा उभा होता. ही मुलगी त्यांना जीव की प्राण होती, अगदी दुपट्यात होती तेव्हापासून. पण ते बोलून दाखवायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मीही लबाडी केली," ते शेवटी म्हणाले. "चौथ्या दिवशीच ठरलं होतं माझं. मीच लांबवत होतो."

"माहीत होतं मला. रंग उर्मट आहे म्हणालात, तेव्हाच कळलं."

दोघंही हसले. मग हसू ओसरलं आणि दिनकररावांना नुसतीच भीती वाटली. आता उद्या चार वाजता काय?

"पण चारू, आता पिस्तूल तर झालं," ते म्हणाले. "माझ्याकडे दुसरा काही विषय नाही गं."

"नाही कसा? तुम्हाला पोलिसांनी का धरलंय ते सांगा की! अगदी पहिल्यापासून सांगा. आज सुट्टी आहे मला, चहा घेऊन बसलेय."

दिनकररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टीनेकेबाईंच्या पायरीवर फतकल मारली. अधिकाऱ्याने पिस्तूल पिशवीत घातलं, कागद पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

दिनकररावांनी मान वर न करता हाताने तिला थोपवलं. "दोन मिनिटं थांबा हं बाई," ते चक्क मराठीत म्हणाले. "मुलीशी बोलतोय."