फायलीचं पूर्ण नाव

आमच्या शेजारच्या नागनाथकाकांनी कॉम्प्युटरवरच्या एका फोटोला द्यायचं ठरवलेलं नाव असं होतं: 'विषय : धाकटे मेव्हणे व्यंकटराव, राहणार जळकोट, आमच्या लग्नात रुसलेले, समजूत काढल्यावर जेवलेले, हल्ली गुडघे दुखतात, सबब बसावयास खुर्ची द्यावी.' कॉम्प्युटरने हे नाव घेतलं नाही. त्याचा जाब विचारायला काका सकाळी साडेसातला आमच्या दारात उभे होते.

"मास्तरीणबाई, तुमचा कॉम्प्युटर विषयापुढं दोन टिंबं देऊ देईना झालाय. मंग विषय सुरू कसा करायचा?"

कॉम्प्युटर त्यांचाच होता. पण मी शिक्षिका, आणि शाळेतला कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडलेला. त्यामुळे नळदुर्गातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही मशीन अडलं, की ते आपोआप माझं होतं.

मी सांगितलं, "काका, दोन टिंबं चालत नाहीत. प्रश्नचिन्ह नाही, तिरकी रेघसुद्धा नाही."

"तिरकी रेघ न्हाय?" काका दाराच्या चौकटीला टेकले. "आवो, तिरक्या रेघेबिगर जावक क्रमांक कसा टाकायचा? असलं दप्तर म्या जन्मात बघितलं न्हाय."

काकांचा जन्म दप्तरातच गेलेला. एकतीस वर्षं त्यांनी तहसिलीची रेकॉर्ड रूम सांभाळली. लाल फडक्यात बांधलेला तो बस्ता, आणि बस्त्यातली एकेका प्रकरणाची फाईल ती मिसल. आमच्याकडच्या जुन्या कारकुनांच्या तोंडी अजून हाच शब्द आहे. माझा नवरा कोल्हापूरचा, त्याला हे काय माहीत! काका पहिल्यांदा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "माझी मिसल इस्कटलीय, मास्तरीणबाईंना जरा पाठवा." नवऱ्याने फार आपुलकीने विचारलं, "कट सांडला का?" तेव्हापासून गल्लीत त्यांना मिसलकाका म्हणतात.

कॉम्प्युटर आला तो हैदराबादहून. मोठी मुलगी सुनंदा तिकडे असते. नवा घेतल्यावर तिने जुना इथं आणून ठेवला आणि घरातले सगळे अल्बम त्यात उतरवून दिले. काकांनी ते उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. सगळे फोटो एकाच ठिकाणी, आणि नावांच्या जागी नुसते आकडे.

मी म्हटलं, "काका, फोल्डर म्हणजे बस्ता, फाईल म्हणजे मिसल." एवढ्यावर त्यांना सगळं कळलं. माझ्या सातवीच्या पोरांना याला आठवडा लागतो. काकांनी त्याच दिवशी डेस्कटॉप साफ केला, कारण साहेबांच्या मेजावर कागद राहू द्यायचा नसतो. मग चार बस्ते केले: अ, ब, क आणि ड. रेकॉर्ड रूमचा नियमच आहे तो. 'अ' म्हणजे कायम जतन, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं आणि 'ड' वर्षभर ठेवून नाश. एका बारशाच्या फोटोत फोटो काढणाऱ्याचा अंगठाच आला होता. तो मी पुसायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"अंगठा कुणाचा हे कळल्याबिगर नाश करता येत न्हाय. तूर्त 'क'मधी ठेवा."

नाश करायचा म्हणजे तरी सरळ करावा! लोकांनी पाठवलेले सुप्रभातचे फोटो 'ड'मध्ये वर्षभर पिकले. मग काकांनी ते रिसायकल बिनमध्ये टाकले आणि आम्हा नवराबायकोला पंच म्हणून बोलावून घेतलं. वहीत लिहिलं होतं, 'गुलाबाची फुले, उगवते सूर्य व वाफाळते चहाचे कप पंचांसमक्ष नष्ट केले.' आम्ही दोघांनी सह्या केल्या. नवऱ्याने सहीखाली तारीखही घातली, तेव्हा काका त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघत होते.

हे सगळं मी हसत सोसलं. पण त्या लांबलचक नावांनी माझा जीव काढला. टिंबं आणि रेघा सोडल्या तरी नाव एका मर्यादेपुढे जातच नाही. काका टाइप करायचे, अर्ध्या वाक्यात कॉम्प्युटर थांबायचा, की आलीच हाक. एक दिवस मी चिडलेच.

"काका, 'सुनंदा एक', 'सुनंदा दोन' असं ठेवा ना! बाकीचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे."

"मला ठाऊक हाय, मास्तरीणबाई," काका चष्मा पुसत म्हणाले. "पर नवरात्राच्या आत 'अ' बस्ता पुरा व्हायला पायजे. सुनंदा यायची हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याला लेकीपुढे मिरवायचं असेल.

त्या रविवारी सकाळी काकूंचा डबा परत द्यायला गेले. काकू म्हणजे काकांची बायको. बाई हसतमुख, गोड. पण हल्ली बाहेर फारशा दिसायच्या नाहीत. बघते तर काकू कॉम्प्युटरपुढे खुर्चीत बसलेल्या आणि काका मागे उभे. पडद्यावर हिरव्या साडीतली एक बाई होती. काकू फोटोखालच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचत होत्या.

"सुनंदा... आपली मोठी लेक... हैदराबादला दिली... रोज सातला फोन करते... चिडकी आहे, पण मनानं लई गोड." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "आपली व्हय ही?"

"आपलीच," काका म्हणाले. "दसऱ्याच्या आधी यायची हाय. वळखायची बरं का."

काकूंनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

काका मला ओसरीवर घेऊन आले. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हे विसरणं आता वाढतच जाणार. "वाचायला अजून येतंय तिला. फोटोखाली जेवढं लिहीन, तेवढंच तिला ठाऊक. मंग कमी कसं लिहू, सांगा तुमी."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. काकू चहा टाकायला उठल्या, तशी मी आत गेले आणि न सांगता 'अ' बस्ता नीट लावायला बसले. जिथं नाव संपत होतं तिथं फोटोची दुसरी प्रत करून पुढचं वाक्य तिच्या नावात घातलं. बस्त्यात सगळे होते. दूधवाली होती. मीसुद्धा होते: 'शेजारच्या मास्तरीणबाई, आवाज मोठा, स्वभाव चांगला, साखर मागताना लाजू नये.' शेवटपर्यंत बघितलं, फक्त एक माणूस सापडला नाही.

"काका, तुमची मिसल कुठंय?"

"माझी कशाला? मी हितंच असतो की." काका हसले. काकू त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. कपाकडे बघत काका म्हणाले, "परवा सकाळी मला म्हणली, 'पावणं, च्या घेणार का?' म्या म्हणलं, घेतो की. बसलो पावण्यासारखा."

मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. त्यांनी घाईघाईने शर्टाचं वरचं बटण लावलं. मी फोटो बस्त्यात घातला आणि विचारलं, "नाव काय लिहू? नागनाथ..."

"नागनाथ लिहून काय उपेग? लगनात उखाण्यात घेतलं तेवढंच. पन्नास वर्षांत तिनं माझं नाव तोंडातनं काढलं न्हाय. ते तिला वळखू यायचं न्हाय."

मग त्यांनीच कीबोर्ड ओढून घेतला. बराच वेळ बोट उचललेलंच राहिलं. शेवटी त्यांनी एकच अक्षर टाइप केलं, काकूंना बोलावलं आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

काकूंनी फोटोखाली बोट ठेवलं.

"हे," त्यांनी वाचलं.

त्यांनी फोटोकडे बघितलं. वळून काकांकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. मग एकदम जीभ चावून डोक्यावर पदर ओढून घेतला.

"आवो, असं उभं काय ऱ्हायलाव?" काकू म्हणाल्या. "च्या कवाचा निवून गेलाय. प्या की."